कालांद्रियाची घंटा

सान लाउरेआनो
२० ऑगस्ट १९८६

प्रिय आन्सेल्मोदादा,

तुला आणि एतेल्विनावहिनीला घट्ट मिठी. आम्ही दोघं इकडे धडधाकट आहोत, तुम्हीही असाल असं धरून चालते, कारण तू काही आपणहून कळवणार नाहीस. कंबर कशी आहे? वहिनी लावते ते मलम तू पुसून टाकतोस असं माझ्या कानावर आलंय. पुसू नकोस. ओक्ताव्हियोनं रात्री औषधांचं दुकान बंद केल्यावर स्वतःच्या हातानं खलून दिलंय ते. नवरा माझा बाकी कशात नसला तरी औषधात हुशार आहे.

थंडी सरत आली. चौकातली आरोमोची झाडं फुलांनी पिवळीधमक झालीत आणि अख्खं गाव शिंकतंय. सकाळी नदीवरून धुकं येतं ते उन्हं वर आली तरी हलत नाही. त्यात माणसं दिसत नाहीत, नुसते आवाज चालत जातात. पाववाल्याची सायकल, शाळेतली मुलं, कुणाची तरी खोकल्याची उबळ. अशा सकाळी मला आपलं एल तालार फार आठवतं. आपल्या रानात धुकं पडलं की बाबा म्हणायचे, "आज डोळे घरी ठेवा आणि कान घेऊन चला." तू पुढे, मी मागे, आणि मला तुझी फक्त टोपी दिसायची.

बरं, मंडळी कशी आहेत? बेन्तेवेओचा खूर भरला का? तिखेरेता अजून कुंपणाच्या तारा चावते का? ओर्नेरो आता म्हातारा झाला असेल. बाबांनी घोड्यांना पाखरांची नावं ठेवायची पद्धत पाडली आणि तू ती चालवलीस. ओक्ताव्हियोला अजून वाटतं की मी पत्रातून पाखरांची चौकशी करते.

चिंगोलो मजेत आहे. क्लबच्या तबेल्यात त्याला कोपऱ्यातली जागा आहे, सकाळचं ऊन पडतं तिथे. मी रोज जाते, खरारा करते, आयाळ विंचरते, दोर धरून फिरवून आणते. गेल्या महिन्यापासून थोडी वरही बसते, पण नुसती चाल, फार तर दुडकी. आमच्या लग्नात तू हे तीन वर्षांचं घोडं आणून दारात उभं केलंस तेव्हा सासूबाई ओरडल्या होत्या, "अगं बाई, ह्याला ठेवायचं कुठे, न्हाणीघरात?" आता त्याच जाता-येता त्याला गाजरं देतात.

क्लबात उड्या शिकवतात त्या हिल्डाबाई तुला आठवत असतील. म्हाताऱ्या, उंच, ओठात कायम सिगारेट. परवा म्हणाल्या, "नोव्हेंबरच्या प्रदर्शनासाठी नाव लिहू का?"

"कसलं नाव?"

"तुझं बारशाचं. उड्यांच्या स्पर्धेत उतरायचं तर नाव लिहावं लागतं, कासिल्दा. विसरलीस वाटतं."

मी म्हटलं, बघू. तर म्हणतात, "दोन वर्षं बघतेयस. दिसलं का काही?"

दादा, खरं तर एका कामासाठी पत्र लिहायला घेतलं आणि इतका वेळ पाखरं मोजत बसले. चिंगोलोला परत घेऊन जाशील का? तो उमदा घोडा आहे, मला घेऊन दुडकत राहणं हे काही त्याचं आयुष्य नव्हे. त्या प्रदर्शनात पडले तेव्हापासून मी एक दांडीसुद्धा ओलांडलेली नाही. माझ्यानं होईल असं वाटत नाही. कळपात गेला तर त्याला बरं वाटेल, तिथलाच आहे तो. तू नाही म्हणणार नाहीस अशी आशा आहे.

तुझी,
कासिल्दा


१६ सप्टेंबर

दादा,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच ती! "नेत नाही. बस त्याच्यावर. पाऊस बरा झाला. आन्सेल्मो." ओक्ताव्हियोला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "तुझा भाऊ आज फारच बोललाय."

राग आला मला, खोटं कशाला बोलू. पण त्याच रागात दुसऱ्या दिवशी खोगीर चढवलं, तेव्हा तुझा डाव साधला म्हणायचा.

मी दुपारी जाते. जेवणं झाली की हे गाव झोपतं. खिडक्या बंद, कुत्रीसुद्धा सावलीत आडवी, रस्त्यावर मी एकटी. क्लबचं रिंगण अगदी रिकामं असतं. रंगीत दांड्या उन्हात पडलेल्या, पाण्याच्या टाकीवर एखादं पाखरू, आणि निलगिरीचा वास इतका दाट की चालता चालता डुलकी लागावी. त्या वेळेला काहीच खरं वाटत नाही, पडणंसुद्धा. म्हणून ती वेळ निवडली. आणि दुसरं म्हणजे बघायला कुणी नसतं.

आधी दांड्या जमिनीवरच ठेवल्या. चिंगोलो त्यांच्यावरून बागेत फिरल्यासारखा गेला. मग एक दांडी गुडघ्याएवढी वर घेतली. अरे, शेजारच्या पोरी दोरीवरून तेवढी उडी मारतात! आम्ही दुडकत निघालो, दांडी जवळ आली आणि माझे हात मागे आले. मी नाही ओढला लगाम, हातांनी ओढला. चिंगोलो थांबला. मान वळवून माझ्या बुटाकडे बघत राहिला, काय ठरलंय बाई तुमचं, असं. पुन्हा निघालो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर मी दांडीपर्यंत पोचूही दिलं नाही त्याला. मग त्याच्या मानेवर कपाळ टेकलं आणि रडले. आयाळ उन्हानं तापली होती, तिला गवताचा वास येत होता, आणि मला वाटलं इथेच झोपून जावं.

"झोपायच्या वेळी रडायला कोण येतं इथे?"

हिल्डाबाई. टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून बसलेल्या, कधीपासून कोण जाणे.

"मला वाटलं तुम्ही दुपारी झोपता."

"मी जर्मनांची लेक आहे, दुपारी झोपले तर आजोबा थडग्यातून उठून येतील. कशाची भीती वाटते तुला? उंचीची?"

"नाही."

"पडायची?"

"नाही. हाड काय, जुळतं."

"मग?"

त्यांच्याआधी ते तुला सांगायला हवं असं वाटलं.

दादा, आपण दोघंही तिचं नाव घेत नाही. मी सगळ्या मंडळींची चौकशी केली आणि कालांद्रियाची नाही केली. तू पावसाचं लिहिलंस आणि तिचं नाही लिहिलंस. मी पडले त्या वेळी तू इस्पितळाच्या दारात टोपी हातात धरून उभा राहिलास. "बरंय ना?" म्हणालास, मी "बरंय" म्हटलं, आणि तू गेलास. तेव्हापासून तू ह्या गावात पाऊल टाकलं नाहीस. तुला वाटत असेल, हिला काही कळलेलं नाही.

मी ऐकली होती घंटा.

त्या प्रदर्शनाच्या दिवशी तुझा कळप रिंगणापलीकडच्या पॉप्लरच्या झाडांमागे उभा होता, कळपांच्या स्पर्धेत पाळी यायची वाट बघत. पुढे कालांद्रिया, म्होरकी घोडी, गळ्यात बाबांची घंटा. मी रिंगणाच्या टोकाला वळसा घेत होते, समोर ती दुहेरी दांड्यांची उंच उडी होती, आणि तिनं मान झटकली. बँड वाजत होता, माणसं ओरडत होती, कुणाला तो आवाज कळलाही नसेल. आपल्याला कळला. चिंगोलो ऐन उडीच्या तोंडाशी पॉप्लरांकडे आडवा वळला आणि मी एकटीच सरळ गेले. दांड्यांवर. हासळीचं हाड मोडलं ते तिथे.

हिल्डाबाईंना वाटतं मी कचरले. सगळ्यांना तेच वाटतं, आणि मीही वाटू दिलं. काय सांगणार त्यांना? ही गावातली माणसं, ह्यांना घोडी म्हणजे घोडी. रात्री मोकळे सोडलेले घोडे सकाळी त्या एका आवाजाभोवती गोळा झालेले असतात, दोर नाही, कुंपण नाही, हे ह्यांनी कुठे बघितलंय? चिंगोलो तीन वर्षांचा होईपर्यंत त्या घंटेमागे चालला. त्याची चूक नाही. तो घरी निघाला होता, एवढंच.

पण पाठीवर मी होते ना, दादा. इतकी वर्षं मी त्याला भरवलं, खोकला झाला तर त्याच्याजवळ बसून राहिले, माझं दुसरं लेकरू नाही. आणि एक घंटा वाजली तर त्यानं मला सोडून तिला निवडलं. माझे हात ते विसरत नाहीत. दांडी जवळ आली की त्यांना वाटतं, आता हा जाईल. हवं तर मत्सर म्हण. घोडीचा मत्सर करणारी बाई तुझी बहीण आहे, काय करतोस!

परवा दुपारी क्लबवरून येऊन पडले आणि स्वप्न पडलं. आपल्या स्वयंपाकघराचं दार, मी लहान, अनवाणी. बाहेर दुधासारखं धुकं. घंटा वाजतेय, कधी अंगणात, कधी नदीपार. बाबा धुक्यात शिरतात, त्यांच्यामागून एकेक घोडा जातो, सगळ्यांची पाठ माझ्याकडे. मी हाक मारते तर तोंडातून घोड्यासारखी फुरफुर येते. मग कुणीतरी थांबतं, पण कोण ते दिसत नाही. जाग आली तेव्हा माझी मान खिडकीकडे वळलेली होती आणि आखडली होती. ओक्ताव्हियोनं मलम लावलं, तुझंच.

कालांद्रिया कशी आहे? बघ, विचारलं.

तुझी,
कासिल्दा


१९ ऑक्टोबर

दादा,

हे पत्र वहिनीच्या पिशवीतून येतंय, आणि पिशवीत आणखी काय आहे ते तुला तिच्या वजनावरून कळलंच असेल.

वहिनी दाढ काढायला आली, गाल सुजलेला, डोक्याला रुमाल गुंडाळलेला. दाढ काढून झाल्यावर संध्याकाळी तिनं मेंढीच्या कातड्यात बांधलेलं गाठोडं माझ्या टेबलावर ठेवलं. उघडलं तर बाबांची घंटा. आतल्या लोळीला चिंधी करकचून बांधलेली.

"हे काय वहिनी?"

"ह्यांनी दिलंय. म्हणाले, कासिल्दाला दे, आता ती वाजायची नाही म्हणावं."

"अगं, मग कळप कसा राहतो?"

"कसला कळप? तुझं झालं तेव्हापासून चिंधी बांधून ठेवलीय. घोडे चहूकडे पांगतात. सकाळ गेली की हे शोधायला बाहेर, कधी शेजाऱ्याच्या रानात, कधी नदीकाठी. मी म्हटलं, सोडा ती चिंधी, कंबर बघा तुमची! तर नळीनं येर्बाचा कडू चहा ओढत बसतात."

"आणि कालांद्रिया?"

"ती बिचारी चालता चालता मान झटकते आणि थांबते. आवाज येत नाही ना. मग पुन्हा झटकते."

दादा, गाढव आहेस तू! हे वाचून तोंड वाकडं करू नकोस, मोठा असलास तरी आहेस. कंबर त्यापायी गेली होय तुझी? आणि मी इथून मलमं पाठवतेय!

आता मी काय सांगते ते ऐक, आणि बसून ऐक.

गेले काही आठवडे मी रोज उड्या मारतेय. हिल्डाबाईंनी मला हाताला धरून गुडघ्याएवढ्या दांडीवरून कमरेएवढ्या दांडीपर्यंत आणलं. हाताला धरून म्हणजे शिव्या देऊन. एकच घोषा त्यांचा: "डोळे कुठेत? दांडीकडे नको, घोड्याच्या कानांकडे नको, पलीकडे बघ, जायचंय तिकडे!" मी हो हो म्हणायची. दहात चार वेळा माझे हात अजून ओढायचेच.

गेल्या रविवारी कधी नव्हे तो ओक्ताव्हियो क्लबवर आला. घोडा बांधलेला असला तरी तो रस्ता ओलांडून पलीकडून जातो, तुला माहितीय. तर हा गरम एम्पानादांचा, खिम्याच्या करंज्यांचा, डबा घेऊन कठड्याशी उभा. मी दोन उड्यांच्या मधे होते, चिंगोलो छान वेगात, आणि मला तो दिसला. इतकं बरं वाटलं दादा, की मी बघितलं त्याच्याकडे. क्षणभरच. चिंगोलोनं समोरची उडी सोडली, वळला, आणि थेट ओक्ताव्हियोपुढे जाऊन थांबला. कठड्यावरून मान काढून त्याच्या तोंडावर फुरफुरला. ओक्ताव्हियो पांढराफटक.

"मी काही केलं नाही! कासिल्दा, सांग ह्याला, मी काही केलेलं नाही!"

हिल्डाबाई इतक्या हसल्या की तोंडातली सिगारेट पडली. मी म्हटलं, "एम्पानादांचा वास आला असेल त्याला."

"त्याला काय कळतात एम्पानादा?" हिल्डाबाई म्हणाल्या. "तू बघितलंस तिकडे. नवरा दिसला आणि बाई विरघळली. मान वळली की खांदा वळतो, खांदा वळला की कंबर वळते, त्याला वाटतं हुकूम झाला. बिचारा हुकूम पाळतो आणि शिव्या खातो."

मी तिथेच खाली उतरले. जमिनीवरच बसले. ओक्ताव्हियोला वाटलं मला कुठे लागलं, तो घोडा विसरून कठड्याखालून वाकून आत आला. मला मात्र पॉप्लरची झाडं दिसत होती, बँड ऐकू येत होता, आणि त्या सगळ्यातून घंटा.

मीच वळून बघितलं होतं, दादा.

दोन वर्षं मला वाटत होतं चिंगोलोनं घंटा ऐकली आणि तो गेला. त्यानं ऐकली असेल किंवा नसेल. मी ऐकली. बाबांची घंटा, भर रिंगणात, आणि मी धुक्यातल्या पोरीसारखी मान वळवली. चिंगोलोनं तिला निवडलं नाही. त्यानं माझं ऐकलं. मला घरची आठवण आली आणि तो मला घरी न्यायला निघाला. आणि मी काय केलं? दोन वर्षं त्याच्यावर रुसून बसले!

त्या दुपारी मी त्याच्या गळ्यात पडून काय काय बोलले ते सांगत नाही, हिल्डाबाई अजून चिडवतात. पण मग वर बसले आणि हात आले नाहीत मागे. एकदाही नाही.

तेव्हा हे डोक्यात नीट घाल. घंटेचा दोष नव्हता, घोडीचा नव्हता, घोड्याचा नव्हता. आणि तुझा तर कुठूनही नव्हता. माझाही नव्हता असं मी म्हणेन, कारण ती घंटा वाजल्यावर मान न वळवणारं माणूस आपल्या घरात जन्मलेलंच नाही.

चिंधी मी कात्रीनं कापली. स्वयंपाकघरात एकदा घंटा वाजवली. वहिनी सुजलेल्या गालानं रडायला लागली आणि ओक्ताव्हियो आतून ओरडला, "आलो, आलो, काय हवंय?" त्याला वाटलं दुकानात गिऱ्हाईक आलं.

ती परत पाठवतेय. कालांद्रियाच्या गळ्यात बांध, कळप गोळा कर आणि प्रदर्शनाला घेऊन ये. मी नाव लिहिलंय. माझ्या पाळीला तिला त्याच पॉप्लरांमागे उभी कर, तिथेच, लांब नको. घंटा नसताना मी उड्या मारून दाखवल्या तर मला कधीच कळणार नाही. ती वाजू दे. मी पुन्हा वळले, तर चिंगोलोला त्याच संध्याकाळी तुझ्या कळपात सोडीन, आणि ह्या वेळी मनापासून सोडीन. पण त्याआधी मला एकदा बघायचंय की मी समोर बघू शकते का.

ये. एवढंच मागतेय.

तुझी,
कासिल्दा


१७ नोव्हेंबर

दादा,

काल रात्री उशिरा पोचलास का नीट? कळपाबरोबर एवढी मजल, आणि तुझी कंबर! वहिनी आमच्याकडे राहिली हे बरं झालं, सकाळी तिच्याकडूनच कळलं मला.

म्हणते, "हे अख्खा वेळ रिंगणाकडे पाठ करून उभे होते. मी म्हटलं, अहो, आली ती, बघा तरी! तर कालांद्रियाच्या मानेवर हात ठेवून जमिनीकडे बघत राहिले."

म्हणजे तू बघितलंच नाहीस. एवढ्या लांबून आलास आणि पाठ करून उभा राहिलास! मग आता वाच, काय झालं ते.

तू येणार की नाही हे मला ठाऊक नव्हतं. तुझं उत्तर आलं नव्हतं, आणि सकाळपासून मी पॉप्लरांकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं. हिल्डाबाईंबरोबर पायी चालून सगळ्या उड्या बघून घेतल्या. त्या टोकाच्या वळणावर दुहेरी दांड्या होत्या, लाल-पांढऱ्या. तीच जागा. हिल्डाबाई काही बोलल्या नाहीत, फक्त माझी टोपी सरळ केली. ओक्ताव्हियोला सक्त ताकीद होती की माझ्या डोळ्यांपुढे यायचं नाही, म्हणून तो बिचारा तिकीटखिडकीमागे लपून बसला होता.

भोंगा वाजला आणि आम्ही निघालो. पहिल्या काही उड्या कशा झाल्या ते मला सांगता येत नाही. वारा होता, ऊन होतं, चिंगोलोच्या टापा माझ्या पोटात वाजत होत्या, आणि सगळं मैदान एखाद्या दुपारच्या स्वप्नासारखं हळू चाललं होतं. माणसांची तोंडं उघडलेली दिसत होती पण आवाज नव्हता. मला वाटलं, मी अजून रिकाम्या क्लबात आहे, गाव झोपलंय, आणि कुणी बघत नाहीये.

मग आम्ही टोकाला वळलो आणि घंटा वाजली.

आली म्हणजे! तू आलास म्हणजे! चिंगोलोचा डावा कान पॉप्लरांकडे वळला, नुसता कान. माझी मान तर उपटून निघते की काय असं झालं. बघ ना कासिल्दा, एकदाच बघ, धुकं आहे, बाबा आहेत, दादाची टोपी आहे, बघ. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, समोरच्या दांड्या पाण्यातून हलत होत्या. मी त्यांच्या पलीकडे बघितलं, पार पलीकडे, पाण्याच्या टाकीकडे. आणि मोठ्यांदा म्हटलं, "आधी हे. मग घरी."

चिंगोलोचा कान पुढे आला. त्यानं मला उचललं. वर असताना, दादा, अगदी शांत होतं. तिथेही ऐकू येत होती घंटा, खाली, एका बाजूला, आपल्या जागी. मग त्याचे पुढचे पाय टेकले, मागचे टेकले, आणि मी त्याच्यावर होते.

पुढे शेवटून दुसऱ्या उडीला त्याचा मागचा खूर लागला आणि दांडी पडली, कारण मी तोपर्यंत रडत आणि हसत होते आणि मांड ढिली झाली होती. बक्षिसाची फीत मिळाली नाही. हिल्डाबाई म्हणाल्या, "रडायचं घरी, दांडी मोजतात इथे." आणि मग पाठ फिरवून त्यांनी नाक शिंकरलं ते मी बघितलं.

शेवटची उडी झाली, रिंगणाबाहेर आले, लगाम सोडून दिला, आणि मग मात्र मान वळवून पोटभर बघितलं. चिंगोलोनं मला थेट पॉप्लरांकडे आणलं. कालांद्रियाच्या नाकाला नाक लावलं, एवढंच, आणि माझी वाट बघत उभा राहिला. तू आमच्याकडे पाठ करून कसला तरी पट्टा आवळत होतास, जो आधीच आवळलेला होता. मी म्हटलं, "दादा."

"बरंय ना?"

"बरंय."

तेवढ्यात तुमच्या कळपाची पाळी पुकारली आणि तू घोड्यावर टांग टाकलीस. मी कठड्याशी उभी राहून बघितलं सगळं. कालांद्रिया पुढे, घंटा वाजतेय, आणि मागे तिखेरेता, बेन्तेवेओ, म्हातारा ओर्नेरोसुद्धा. तू त्यांना मैदानभर फिरवलंस आणि एकही पांगला नाही. चिंगोलो माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बघत होता. दोर माझ्या हातात होता, पण सैल. तो गेला नाही. त्याला परत ने असं मी लिहिलं होतं, ते फाडून टाक.

आणि मग दिवस मावळायच्या आत तू निघून गेलास. दोन वर्षांनी भेटलो आणि "बरंय ना", "बरंय"! आपल्या बाबांनी आपल्याला कान दिले, तोंड द्यायला विसरले. म्हणून सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसले.

तुझी पाठ का होती ते मला कळतं. मागच्या वेळी तू बघत होतास. तुझ्या डोळ्यांदेखत मी पडले, आणि तुला वाटत असेल, ह्या वेळी नाही बघितलं तर नाही पडणार. दादा, तू बघितलंस म्हणून मी पडले नव्हते. रिंगणात असताना मला वळून तुझ्याकडे बघता येत नाही, ते मी आता शिकलेय. पण तुला येतं. पुढच्या वर्षी घंटा वाजू दे आणि तू तोंड इकडे कर. कुणीतरी आपलं बघतंय एवढं ठाऊक असलं की मला समोर बघायला पुरे.

तू वळून बघेपर्यंत उड्या मारत राहणारी,
तुझी धाकटी
कासिल्दा